दाताच्या दवाखान्यामागची खोली

माझ्याकडे येणारी निम्मी माणसं
घरी सांगून येतात, दाताकडे चाललोय.
अगदीच खोटं नाही ते.
माटुंग्याच्या डॉक्टर आजरेकरांच्या दवाखान्यातून आत यावं लागतं,
ड्रिलच्या आवाजाशेजारून, लवंगतेलाच्या वासातून,
मग माझं दार.
एका गृहस्थांना बायकोने विचारलं म्हणे,
अहो, अकरा महिने झाले,
तोंडात दात आहेत तरी किती?
हे सांगताना ते हसले
आणि हसता हसताच पहिल्यांदा रडले.
मी पाण्याचा पेला पुढे केला
(आजरेकरांकडचाच, चूळ भरायचा).

मला विचारतात, मॅडम, तुम्ही या लायनीत कशा?
मी कोर्सचं नाव सांगते, साल सांगते.
वडाळ्याची क्वार्टर्स सांगत नाही.

वडील पोर्ट ट्रस्टमध्ये होते.
भरती-ओहोटीची नोंद ठेवायची, हे काम.
धक्क्याच्या टोकाला पाण्यात उभी पट्टी,
हातात टॉर्च,
वहीत वेळ, उंची, सही.
मला एकदा नेलं होतं रात्रपाळीला, आठ वर्षांची असेन.
मी म्हटलं, आज पाणी एवढं का चढलंय?
म्हणाले, का ते वरच्या चंद्राला माहीत.
आपण किती ते लिहायचं.
आणि वाकून रुमालाने पट्टीवरचं शेवाळ पुसलं,
आकडा नीट दिसावा म्हणून.

मी दहावीत असताना त्यांनी बोलणं बंद केलं.
भांडण नाही, तंटा नाही.
टाकी अर्धी असताना नळ जावा, तसं.
आई शेजारी सांगायची, यांचा घसा बसलाय.
दोन वर्षं घसा बसलेला माणूस
कपाटाच्या आरशाकडे पाठ करून बसायचा
आणि आम्ही त्याच्यापुढे ठेवत गेलो
ज्येष्ठमध, हळदीचं दूध, कुठकुठला अंगारा,
वर्ध्याच्या मामांनी पाठवलेलं प्राणायामाचं पुस्तक.
नुसतं शेजारी बसलं नाही कुणी.
मीही नाही.
मला क्लास होता, मैत्रिणी होत्या,
मला लाज वाटत होती.

मग एका रात्री जेवताना म्हणाले,
आमटीत मीठ कमी आहे.
आई मीठ आणायला उठली
ती ओट्याशी बराच वेळ उभीच राहिली.
किती वाजले होते, कुणी लिहून ठेवलं नाही.

आता माझ्यासमोर बसतो
वारलेल्या बापाचा मोबाइल
दर महिन्याला रिचार्ज करणारा चाळिशीचा माणूस.
मी त्याला थांबव म्हणत नाही.
कितीचा करतोस, विचारते.
म्हणाला, दोनशे एकोणचाळीस. आधी एकशे एकोणपन्नास होता.
मग बापाबद्दल बोलला, महागाईच्या वाटेने.

एक बाई, अठ्ठावन्न वर्षांच्या.
तुम्हाला स्वतःला कुठली भाजी आवडते, एवढंच विचारलं होतं.
तीन आठवडे उत्तर नाही.
चौथ्या आठवड्यात आत येता येताच, उभ्याउभ्या,
पडवळ.
पाऊण तास आम्ही पडवळावर बोललो.
पूर्ण फी घेतली मी, आणि दोघींना पटली.

सगळ्यांचं असं होत नाही.
एक मुलगा यायचा थांबला.
त्याचा मंगळवार, साडेपाच,
मी अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.
आजरेकर म्हणतात, खुर्ची रिकामी ठेवून भाडं निघत नाही, बाई.
त्यांचंही बरोबर आहे.

सातला त्यांचं ड्रिल बंद होतं.
अशी शांतता होते
की दिवसभर आपण किती मोठ्याने बोललो ते कळतं.
वेळ संपलेली असते.
शेवटची बाई दारापर्यंत जाते,
एक चप्पल घालते,
दुसरीत पाय घालता घालता थांबते.
बरं का, म्हणते, एक राहिलंच सांगायचं. तसं काही विशेष नाही.

मी दिवा बंद करायला उठलेली असते.
पुन्हा बसते.